वल्हांडणाची वहिवाट

जमिनीच्या दाव्यात दस्तऐवज आणि वहिवाट असे दोन निरनिराळे पुरावे मानण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ज्याच्या पेटीत सनद आहे त्याचा हक्क तर उघडच असतो, परंतु ज्याच्यापाशी कागदाचा कपटाही नाही आणि तरीही ज्याच्या घराण्याचा नांगर पिढ्यान्पिढ्या त्याच बांधाच्या आत फिरत आला आहे, अशा माणसाची फिर्यादही न्यायाधीशाला कान देऊन ऐकावी लागते. धर्माच्या प्रांतात हाच न्याय लावता येईल काय? ज्या समाजाजवळ आपल्या धर्माचा ग्रंथ उरला नाही, त्या ग्रंथाची भाषा उरली नाही, सणामागची कथाही उरली नाही, आणि तरी ज्याने तो सण शतकानुशतके शुचिर्भूतपणे पाळला, त्या समाजाचा त्या धर्मावर हक्क पोहोचतो की नाही? हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीसाठी उपस्थित केलेला नाही. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या मुलखात तेलाचे घाणे चालवून राहिलेल्या, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या इतिहासात तो प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट रूप त्यांच्या वल्हांडण सणात दिसते.

वल्हांडणाची मूळ कथा जुन्या करारातील निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे. मिसर देशात दास्यात पडलेल्या इस्राएल लोकांना त्या रात्री आज्ञा झाली ती अशी: महिन्याच्या दशमीला निर्दोष कोकरू निवडावे, चतुर्दशीच्या सायंकाळी ते कापावे, एजोब वनस्पतीच्या जुडीने त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना व कपाळपट्टीला लावावे, मांस विस्तवावर भाजून बेखमीर भाकरी व कडू भाजीबरोबर त्याच रात्री संपवावे, आणि हे सर्व कंबर कसून, पायात जोडे घालून, हातात काठी धरून, वाटेला लागलेल्या माणसाच्या घाईने करावे. ज्या दारावर रक्त दिसेल ते दार ओलांडून संहारक पुढे जाईल, असे त्यांना वचन होते. आणि कणीक आंबायला वेळ मिळाला नाही म्हणून ती तशीच भाजून घेऊन हे लोक निघाले. निसान महिन्याच्या पौर्णिमेची ही रात्र. यहुदी पंचांग आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्रमासांचे असून, एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालून ते ऋतूंशी जुळते ठेवलेले असल्यामुळे, हा सण बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या सुमारास येतो.

विद्वानांपैकी पुष्कळांचे मत असे की, येथे दोन प्राचीन सण एकत्र झाले आहेत: वसंतात कळप नव्या कुरणाकडे हाकण्यापूर्वी मेंढपाळांनी करावयाचा कोकराचा बळी, आणि जवाचे नवे पीक हाती आल्यावर जुने आंबवण टाकून देऊन शेतकऱ्यांनी पाळावयाचा बेखमीर भाकरीचा सप्ताह. हे मत मला मान्य होण्यासारखे वाटते, आणि त्यामुळे सणाची प्रतिष्ठा कमी होते असेही वाटत नाही. कारण ऋतुचक्राच्या सणाला एका राष्ट्राच्या मुक्ततेची स्मृती जोडून देणे हेच इस्राएलाच्या धर्मबुद्धीचे खरे कर्तृत्व होय. इसवी सनापूर्वी ४१९ या वर्षी नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावर इराणी बादशहाच्या चाकरीत असलेल्या यहुदी पलटणीला, या सप्ताहात खमीर घरात ठेवू नये, अशा आशयाचा खलिता गेला होता. तो पपायरसचा तुकडा आजही उपलब्ध आहे. परमुलखात नोकरीपेशाने राहिलेल्या लोकांना आपल्या सणाचे नियम कोणीतरी पत्राने कळवावे लागतात, ही गोष्ट इतकी जुनी आहे. पुढे इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेतील मंदिर उद्ध्वस्त केले आणि बळी बंद पडला. तेव्हापासून वल्हांडण हा मुख्यतः घरातल्या भोजनपंक्तीचा आणि कथाकथनाचा सण झाला. चार पेले द्राक्षरस, कडू भाजी, मीठपाणी, बेखमीर भाकरी, आणि पंक्तीतल्या सर्वांत धाकट्या मुलाने विचारावयाचा प्रश्न: ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्याला उत्तर म्हणून बापाने सारी कथा सांगावयाची. हा केवळ शिष्टाचार नव्हे. मुलाला सांग, अशी आज्ञाच ग्रंथात आहे.

आता कोकणाकडे वळू. परंपरा सांगते की, अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तेथेच पुरण्यात आले, आणि या सात जोडप्यांपासून पुढचा समाज वाढला. सामानसुमानाबरोबर त्यांची धर्मपुस्तकेही समुद्रात गेली. नवगावकर, केहीमकर, झिराडकर, थळकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आडनावे घेऊन, मराठी बोलत, लुगडे नेसत हा समाज तेथे शतकानुशतके नांदला, आणि त्याच्यापाशी धर्म म्हणून उरला तो एवढाच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, ‘शेमा’ ही एकच इब्री प्रार्थना, आणि काही सण. सणांची नावेही मराठीच पडली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, त्यानंतर नव्या तांदळाच्या खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात राहतात म्हणून दारफाळणीचा सण, आणि मंदिराच्या नाशाचा शोकदिन तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी उपवास सोडताना वालाचे बिरडे खायचे. हनुक्का हा सण मात्र त्यांना ठाऊक नव्हता. त्यावरून या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी असे अनुमान काढले की, हनुक्का सुरू होण्याच्या आधीच, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, पूर्वज पॅलेस्टाइन सोडून निघाले असावेत. विसरलेल्या गोष्टींवरून काळ ठरविणे धोक्याचे असते, म्हणून हे अनुमान मी सिद्धान्त मानीत नाही. तथापि केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेलेला तो ग्रंथ सणांच्या वर्णनासाठी अमोल आहे, याविषयी मात्र दुमत होऊ नये.

वल्हांडणाला या समाजात ‘अनाशी ढाकण्याचा सण’ असे नाव होते. आंबट कालवणाचे जे भांडे घरात बारमाही असे, ते या आठ दिवसांत झाकून ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ. येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. कोकणातले रोजचे अन्न भात आणि तांदळाची भाकरी. तव्यावरच्या त्या भाकरीत खमीर मुळात नसतेच. ज्या देशात रोजची पोळी आंबवलेली असते, तेथे बेखमीर भाकरी म्हटली की वर्षातले आठ दिवस ताटातच वेगळे दिसतात. कोकणात ताट बदलण्याचे कारणच नव्हते. मग निषेधाची स्मृती कोठे जाऊन बसली? स्वयंपाकघरात जे एकच खरोखर आंबलेले होते, त्या भांड्यावर. मिसर देश विसरला गेला, तेथून लोकांना सोडवून नेणारा मोशे विसरला गेला, मिसरच्या फारो राजाचे नाव कोणाच्या ओठी राहिले नाही. परंतु काहीतरी आंबलेले आहे आणि ते या दिवसांत दृष्टीआड करायचे आहे, ही जाण कोणा तेलिणीने आपल्या सुनेच्या हाती दिली आणि सुनेने ती पुढे चालविली. या अनामिक स्त्रियांविषयी मला जो आदर वाटतो तो मोठमोठ्या भाष्यकारांविषयीही वाटत नाही.

सणाच्या तयारीत त्यांचे कष्ट थोडे नसत. घराला चुना दिला जाई. तांब्यापितळेची सर्व भांडी काढून त्यांना कल्हई केली जाई, कारण वर्षभराच्या आंबटचिंबटाचा लेप ज्या भांड्याला लागला ते सणाला चालत नसे. काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, फडक्यातून गाळून त्यांचे सरबत करायचे, हाच द्राक्षरस. खजूर शिजवून त्याचा दाट शिरा करायचा. आणि जुन्या घरांतून आणखी एक रिवाज होता: कापलेल्या बकऱ्याच्या किंवा मेंढ्याच्या रक्तात पंजा बुडवून त्याचा छाप कागदावर उमटवायचा आणि तो कागद घरात दर्शनी लावून ठेवायचा. निर्गमातल्या दाराच्या कपाळपट्टीचे हे किती दूरचे आणि तरी किती स्पष्ट चिन्ह आहे, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

आमच्या पूर्वमीमांसेने वेदवाक्यांचे विधी आणि अर्थवाद असे भेद केले. अमुक करावे, हा विधी; त्याच्या स्तुतीसाठी सांगितलेली कथा, हा अर्थवाद. जैमिनीच्या मते कथेला प्रामाण्य येते ते विधीशी तिची एकवाक्यता असते म्हणून. स्वतंत्रपणे ती काही आज्ञापीत नाही. या न्यायाने पाहिले तर कोकणच्या बेने इस्राएलांनी विधी राखला आणि अर्थवाद गमावला, म्हणजे धर्माचा गाभा राखला, असेच म्हणावे लागेल. परंतु वल्हांडणाची अडचण अशी की, तेथे कथा सांगणे हाच विधी आहे. जैमिनीने ज्याला गौण ठरविले, ते येथे मुख्य आहे. आणि त्याला कारण आहे. तुम्ही मिसरात परके होता, म्हणून तुमच्या वेशीतल्या परक्याला छळू नका, ही आज्ञा त्या ग्रंथात पुनःपुन्हा येते. ज्याला आपले दास्य आठवत नाही त्याला ही आज्ञा कळणार तरी कशी? वहिवाटीने हक्क शाबीत होतो, पण कर्तव्याची ओळख कथेनेच होते. म्हणून कथा हरवणे ही बेने इस्राएलांची खरी हानी होती, आणि ती लहान होती असे म्हणणे हा त्यांच्याविषयीच्या प्रेमाचा पुरावा नव्हे.

तरीसुद्धा एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मुलाने प्रश्न विचारावा यासाठी प्रश्न पडण्यासारखे काही घरात घडावे लागते. कोकणातल्या मुलानेही विचारले असेलच की, हे भांडे आजच का झाकायचे. आणि उत्तर मिळाले असेल ते आपल्याकडे मिळते तेच. मी सरहद्दीवरच्या ज्या उचगावात बसून हे लिहितो आहे, तेथील मळेकरणी देवीला बकऱ्याकोंबड्याचा नवस पिढ्यान्पिढ्या बोलला जात आला; नवस फेडायला आलेल्या एखाद्या मावशीला याचे कारण विचारले, तर ती म्हणे, ‘‘थोरल्यापासनं चालत आलंय बघा.’’ शिकलेल्या माणसाला हे उत्तर अज्ञानाचे वाटते. मला ते अपुरे वाटते, खोटे वाटत नाही. कारण त्यात आपल्या आधी कोणी होते आणि त्यांनी हे आपल्या स्वाधीन केले, ही कबुली आहे, आणि कथेचा निम्मा भाग ती कबुलीच असते.

उरलेला भाग कोकणाला परत मिळाला, आणि तो मराठीतून मिळाला. प्रथम दाविद राहबी नावाचा कोणी यहुदी आला. स्त्रियांनी त्याच्यापुढे मासे निवडताना खवले नसलेले बाजूला सारले, यावरून त्याने या लोकांना ओळखले आणि त्यांच्यातल्या तिघांना शिकवून काजी नेमले, अशी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक आले. मुंबईत जॉन विल्सन यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी इब्री व्याकरण मराठीतून शिकविले आणि जुना करार मराठीत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता; घडले ते उलट, या समाजाला आपलाच धर्म अधिक कळला. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सुभेदार सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनगॉग बांधले होतेच. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला, आणि १८७४ मध्ये पुण्यात त्याची सचित्र आवृत्ती निघाली. ती काढणारे तळकर आडनावाचे दोघे बेने इस्राएल, आणि छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. इब्री मजकूर आणि मराठी भाषांतर असलेल्या त्या पुस्तकात, जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करणाऱ्या, लुगडी नेसलेल्या बायकांचे चित्र आहे. मिसर देशातून निघालेली कथा शेवटी त्या लुगड्यांपाशी येऊन पोहोचली. त्याच काळात कीर्तनाची आपली पद्धती उचलून या समाजाने मोशे, योसेफ, एलिया यांची आख्याने मराठी साकी-दिंडीतून गाण्यास आरंभ केला. कथा सांगण्याची आज्ञा पाळण्याला याहून योग्य साधन मराठी मुलखात कोणते मिळणार?

यानंतर जे घडले ते लिहिताना मन दुखते. इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले, आणि १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींनी त्यांच्या विवाहप्रसंगी वंशाची तपासणी करण्याचा हुकूम काढला. शतकानुशतके एकाकी राहिलेल्यांनी घटस्फोटाचे व विवाहाचे नियम ग्रंथाप्रमाणे पाळले असतील याची खात्री काय, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे दस्तऐवज दाखवा, असेच ते म्हणत होते. बेने इस्राएलांनी यरुशलेमेत धरणे धरले. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला आणि हुकुमातील त्यांचा नामनिर्देश गेला. रब्बींच्या शास्त्रज्ञानाविषयी मला शंका नाही. परंतु ज्यांच्या सणाची पहिली शिकवण परक्याला न छळण्याची, त्यांनी झाकलेल्या भांड्याची आणि कल्हईच्या पातेल्यांची साक्ष पुराव्यात धरायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. वहिवाट ग्राह्य होती.

सरहद्दीवरच्या आम्हा माणसांना हा निकाल विशेष जवळचा वाटावा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आम्ही कोठले, हे कागदाने ठरविले. घरात आम्ही कोणती भाषा बोलतो, हे वहिवाटीने ठरविले आहे. उचगावात दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरते, ते याच वहिवाटीच्या जोरावर. त्या संमेलनाच्या चालकांना माझी विनंती आहे की, येत्या वर्षी एक सत्र बेने इस्राएलांच्या मराठी ग्रंथांना द्यावे. पुण्याच्या १८७४ च्या हग्गाद्याची प्रतिकृती मांडावी, त्यांच्या कीर्तनांतले एखादे आख्यान जाणत्या कीर्तनकाराकडून करवावे, आणि ज्यांच्या घरात अशी जुनी पुस्तके पडून असतील त्यांना ती वाचनालयाच्या स्वाधीन करण्याचे आवाहन करावे.