सकाळचं पुण्य, रात्रीचं नाचणं

सकाळी कमावलेलं पुण्य रात्री नाचलं की खर्ची पडतं, असं माझ्या आईला मनापासून वाटतं. मी जर्मनीत, कोलोनला शिकते. दर शनिवारी एका चर्चच्या तळघरात आम्ही काही विद्यार्थी सुपरमार्केटांनी देऊन टाकलेली भाजी निवडतो, पाव वेगळे काढतो, रांगेतल्यांच्या पिशव्या भरतो. कार्निव्हलच्या शनिवारीही तेच केलं. मग तोंड रंगवून, ठिगळांचा विदूषकी झगा चढवून मैत्रिणींबरोबर झ्युल्पिशर स्ट्रासवर गेले. कोल्श बिअर, अनोळखी लोकांच्या गळ्यात हात, पहाटेपर्यंत गाणी. फोनवर आई म्हणाली, "अगं, सकाळी उपाशी माणसं बघितलीस, मग रात्री पाय कसे उचलले तुझे?"

पुण्याची खतावणी मला मान्य नाही. ती ठेवली की रांगेतला माणूस माझ्या खात्यावरची जमा होऊन बसतो. पण आईचा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो या शहरालाही पडलेला आहे. 1991 साली आखाती युद्धामुळे इथली कार्निव्हलच्या सोमवारची मोठी मिरवणूक रद्द झाली. तेव्हा लोक वेष करून युद्धाच्या निषेधात चालत निघाले. इथल्या कार्निव्हलमधली भुतांच्या मिरवणुकीची प्रथा त्यातूनच आली. 2022 मध्ये बायकांच्या कार्निव्हलच्या गुरुवारीच, 24 फेब्रुवारीला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला. सोमवारी ठरलेल्या उत्सवाच्या जागी शांतिमोर्चा निघाला. आयोजकांच्या मते अडीच लाख माणसं होती, कितीतरी जण कार्निव्हलच्याच वेषात. दुःखापुढे उत्सव गुंडाळून ठेवायचा की तोच घेऊन दुःखितांच्या बाजूला उभं राहायचं, याचं या शहरानं दिलेलं उत्तर मला पटतं.

आमच्या अकलूजला तुकोबांची पालखी येते, रिंगण होतं. आजी वारकऱ्यांसाठी पहाटेपासून भाकऱ्या थापायची, आणि पंगत उठली की त्यातल्याच बायकांबरोबर पदर खोचून फुगडी घालायची. जेवणाला सेवा आणि फुगडीला मौज असं तिनं कधी वेगळं केलं नाही. वाढताना ती उभी असायची आणि त्या बसलेल्या. फुगडीत मात्र दोघींचा तोल एकमेकींच्या हातात. एकीनं हात सोडला तर दोघी पडणार. त्या मातीत सगळे एकमेकांना माऊली म्हणतात, ते मला तिथे खरं वाटायचं.

तळघरात आमच्यामध्ये टेबल असतं. एक वयस्क बाई नेहमी येतात, पिशवी पुढे करतात, नजर खाली. कार्निव्हलच्या रविवारी शाळांची आणि मोहल्ल्यांची मिरवणूक असते. तिथे त्या मधमाशीच्या वेषात दिसल्या. गाड्यांवरून उधळलेल्या गोळ्या-चॉकलेटांनी, कामेलेंनी, त्यांची पिशवी भरली होती आणि माझे हात रिकामे. त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर चॉकलेटं ओतली, हातात हात अडकवून डोलायला लावलं, स्थानिक बोलीतल्या गाण्याचे शब्द ओरडून शिकवले. त्या दिवशी घेणारी मी होते. इतक्या शनिवारांच्या सेवेनं जे साधलं नव्हतं, ते एका गाण्यात झालं.

म्हणून उत्सव हे सेवेचं बक्षीस आहे असं मी मानत नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड सेवा एकटी मोडू शकत नाही. तिला एकत्र नाचण्याची गरज आहे. अर्थात उत्सवही आंधळा असतो. शनिवारी रात्री आमच्या पायांतून म्हातारी माणसं वाकून रिकामे डबे वेचत होती, कारण एका डब्यामागे अनामतीचे 25 सेंट मिळतात. गाणाऱ्या गर्दीनं त्यांना वाटसुद्धा दिली नाही. ज्या आनंदाला ती दिसत नाहीत त्याच्याबद्दल आईचं म्हणणं खरंच आहे, आणि तसं मी तिला सांगितलंही.

आता रांगेतल्यांनाही भाजी निवडायच्या कामात बोलवावं, असं मी आमच्या गटात मांडलंय. मधमाशीबाई यायला तयार आहेत. काहींना ते पटत नाही. त्या आधीच स्वतःसाठी चांगले टोमॅटो बाजूला काढतील म्हणतात. मी म्हणते, काढू देत.