सहीच्या आधी

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला. घरमालक अनामत परत देत नाही, यावर तू दहा मिनिटं पोटतिडकीनं बोललीस. मग फोन ठेवता ठेवता सहज म्हणालीस, ‘‘बरं आबा, मामानं आईला पुढच्या महिन्यात सहीला बोलावलंय. आजोबांच्या जमिनीचं काहीतरी आहे.’’ आणि फोन ठेवलास. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

चौतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली केली. त्यात एक गोष्ट पक्की कळली, की माणूस खरा प्रश्न उठताना विचारतो. पक्षकार येतो, पिशवीतून कागद काढतो, बांधाचं सांगतो, चहा घेतो. उठतो, चपला पायात सरकवतो आणि दाराच्या चौकटीला हात लावून म्हणतो, ‘‘आणि साहेब, धाकट्यानं आईला घरातनं काढलंय, त्याचं काय करता येतं का?’’ तो आलेला असतो त्यासाठीच. हाताखालच्या पोरांना मी सांगायचो, पक्षकार उठला म्हणून वही मिटू नका. तुझा उठतानाचा प्रश्नही मी ऐकला आहे. पण आधी तू जो बसून विचारलास, तो.

तुझा करार अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला. ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही’ असं घरमालक म्हणाला आणि तुला ते खरं वाटलं. निम्म्या पुण्याला ते खरं वाटतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, त्यातून हा अकरा महिन्यांचा रिवाज पडला. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे त्याची चूक तुझ्या बाजूची आहे. अनामत बँकेतून दिली असशील तर उतारा काढ, त्याच्याशी झालेले मेसेज जपून ठेव आणि एक साधी लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठव. मसुदा मी करून देतो.

आता आईच्या सहीचं.

कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, ‘‘सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे जमीन माझीच ना?’’ तितक्याच वेळा त्याची उलटी बाजू, आणि ती बहुतेक बायकांकडून, ‘‘सातबाऱ्यावर माझं नाव नाही, म्हणजे माझं काहीच नाही ना?’’ दोघांनाही उत्तर एकच. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. सारा कोणाकडून घ्यायचा, शेतात कोण आहे, पीक काय, हे सरकारला कळावं म्हणून तो ठेवतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, हे बरोबर. पण फेरफारानं मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. मालकी येते खरेदीखतानं, वाटणीनं, वारशानं, मृत्युपत्रानं. फेरफार त्याच्या मागून चालत येतो. जुन्या उताऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असतं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो कारभारी, धनी नव्हे. आणि बहिणींची नावं कब्जेदारांच्या रकान्यात न घालता ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली असतात. नाव कुठल्या रकान्यात लिहिलं यावरून मुलीचा वारसा ठरत नाही, पण पंचवीस वर्षं ते नाव तिथे पाहून ती बाई स्वतःच मान्य करून बसते की आपला हक्क ‘इतर’ आहे.

तुझ्या आईचा हक्क काय, ते नीट समजून घे. हे हिंदू कुटुंबांपुरतं सांगतोय. इतर धर्मांचे वारसा कायदे वेगळे आहेत. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, १९५६ पासूनच मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. राहिली वडिलोपार्जित. तिथे जन्मानं हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशाच्या कायद्यानं मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो वा नसो. तरीही पंधरा वर्षं एक वाद चालला, की त्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये तो मिटवला. हक्क जन्मानं येतो, तेव्हा वडील हयात असण्याचा प्रश्न येत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री आता उकरता येत नाही. तुझे आजोबा गेले तीन वर्षांपूर्वी आणि जमिनीची वाटणी झालेलीच नाही, एवढं मला ठाऊक आहे. म्हणजे तुझ्या आईचा हिस्सा आज जिवंत आहे.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, पन्नाशीच्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नक्कल. म्हणाल्या, ‘‘हे परत घेता येतं का, तेवढं सांगा.’’ मी कागद उघडला. हक्कसोडपत्र. शेवटच्या पानांवर त्यांचा फोटो, दुय्यम निबंधकांच्या टेबलावरच्या छोट्या कॅमेऱ्यानं काढलेला, डोक्यावर पदर, नजर खाली. शेजारी अंगठ्याचा ठसा आणि मग सही. एकेक अक्षर जोडत केलेली, माहेरच्या आडनावापाशी थोडी अडलेली. वर मजकूर नेहमीचा, की मी राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता माझा संपूर्ण हक्क भावाच्या लाभात सोडून देत आहे. मी विचारलं, ‘‘सही करताना काय वाटलं होतं तुम्हाला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ म्हणाला, वडील गेले, वारसनोंदीला सगळ्यांच्या सह्या लागतात.’’ सह्या करून चार वर्षं झाली होती. जमिनीच्या कडेनं रस्ता निघाला, मोबदल्याची यादी लागली, त्यात नाव नाही, तेव्हा त्यांना कळलं.

छकुले, फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत, आणि सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर. समोर नोंदणीकृत कागद, त्यावर स्वतःचा फोटो, ठसा, दोन ओळखदार. त्या बाईंचा दावा मी चालवला. निकाल लागला तेव्हा त्यांचं वय एकसष्ट होतं, आणि निकाल त्यांच्या बाजूचा नव्हता. आजही तो मला पटलेला नाही. पण पुराव्यावर चालणाऱ्या कोर्टाला मी दोष देऊ शकत नाही. तोच प्रश्न त्यांनी सहीच्या आदल्या दिवशी विचारला असता, तर उत्तराला पाच मिनिटं पुरली असती. वारसनोंदीला हक्कसोडपत्र लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, तलाठ्याकडे अर्ज, आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. २०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी, मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावायला. नोंद वेगळी आणि हक्क सोडणं वेगळं, पण दोन्हींना बोलीत एकच शब्द आहे, ‘सही’. तिथेच घात होतो.

भावाबहिणींत असं हक्कसोडपत्र करायला अवघा पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. वीस-पंचवीस लाखांचा हिस्सा पाचशे रुपयांत जातो आणि परत आणायला आयुष्य पुरत नाही.

सगळ्या बहिणी फसतात असं मी म्हणणार नाही. कितीतरी जणी पूर्ण समजून सही करतात. दिवाळीला माहेरी जाता यावं, भावानं दार उघडावं, आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ बसता यावं, यासाठी. ‘‘साहेब, हिस्सा मागितला तर माहेर तुटेल का?’’ हा प्रश्न कुठल्याच कायद्यात बसत नाही, आणि मला तो शेकड्यांनी विचारला गेला. मी एवढंच म्हणायचो, की सोडायचं तर जरूर सोडा. पण काय सोडताय ते वाचून, मोजून सोडा. आणि भावाच्या तोंडून एकदा ऐका, की हे तुझं आहे आणि मी मागतोय. ज्या भावानं एवढं म्हटलं, त्याच्या बहिणी मला नंतर कोर्टात दिसल्या नाहीत.

आता तुझ्या मैत्रिणींसाठी दोन-चार गोष्टी, कारण तू हे पत्र त्यांना दाखवशील.

नॉमिनी म्हणजे मालक, हा दुसरा मोठा गैरसमज. एका तरुण विधवेच्या नवऱ्यानं लग्नाआधी बँकेच्या ठेवीला आईचं नाव नॉमिनी म्हणून लावलं होतं. बँकेनं पैसे सासूला दिले, तेही नियमाप्रमाणेच. मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे माझं आणि पोरांचं काही नाही?’’ होतं. मृत्युपत्र नव्हतं, तेव्हा सासू, ती आणि दोन मुलं, असे चार समान हिस्से. नॉमिनीनं पैसे हातात घ्यायचे आणि वारसांना पोचवायचे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्याचं मात्र २०१५ पासून वेगळं आहे. तिथे नॉमिनी आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं असतील तर रक्कम त्यांचीच होते. लग्न झालं की पहिल्या महिन्यात सगळीकडची नावं तपासा. हळद उतरायच्या आत, असं मी म्हणायचो.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं, नोंदणीची सक्ती नाही. पण दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी सही होताना पाहिली आणि मग स्वतः सही केली. शक्यतो ज्यांना काही मिळणार आहे असे नकोत आणि लिहिणाऱ्याहून तरुण असलेले बरे. आणि कोणी आईवडील मुलाच्या नावे घर बक्षीसपत्रानं करून देत असतील, तर त्यातच एक वाक्य घालायला सांग, की मुलानं त्यांना सांभाळायचं आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, ही अट असून मुलानं सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. ते वाक्य घालायला म्हाताऱ्यांना लाज वाटते. पोटच्या पोराला अट कसली घालायची, म्हणतात. त्यांच्या वतीनं ती लाज तुम्ही बाजूला ठेवा.

चेक परत आला तर दिवस मोजा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, समोरच्याला पंधरा दिवस, मग महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. मुदत हुकल्यावर येणारे इतके पाहिलेत, की घरोघरी जाऊन हेच सांगावंसं वाटतं.

पोलिसांनी गुन्हा ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवलं, तर सांगा की दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत तसं स्पष्ट लिहिलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि ‘वकील परवडत नाही’ हे वाक्य कुठल्याही बाईच्या तोंडी यायला नको. १९८७ च्या विधिसेवा कायद्यानं स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना, कोठडीतल्यांनाही. प्रत्येक तालुका कोर्टात विधिसेवा समिती आहे, फोन १५१०० वर लागतो. त्या वकिलांतले सगळे सारखे नसतात, पण कित्येक जण फार जीव ओतून काम करतात.

तुझ्या मामाबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. त्यानं तुझ्या आजोबांची सेवा केली, ती मी पाहिली आहे. कदाचित खरोखर वारसनोंदच असेल. कदाचित वाटणीपत्र असेल आणि तुझ्या आईच्या नावे वावर निघेल. पण ते कागद वाचल्यावर कळेल. आईला सांग, दादाला प्रेमानं फोन कर आणि म्हण, दस्ताचा मसुदा आठ दिवस आधी पाठव, मामंजींना दाखवते. यात भांडण नाही. आलेला कागद मला व्हॉट्सॲपवर नको, अक्षर बारीक दिसतं. छापून पोस्टानं पाठव. तो मी वाचून फोन करीपर्यंत आईनं कुठेही सही करू नये आणि अंगठा ठेवू नये.

तुझा
आबा