आतले आणि बाहेरचे

मी रत्नागिरीचा, असे परगावी सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आंब्याच्या हंगामात लोभ दिसतो आणि एरवी संशय. "रत्नागिरीचे? म्हणजे आतले की बाहेरचे?" हा विनोद करणारा प्रत्येक गृहस्थ तो आपल्यालाच प्रथम सुचला अशा समजुतीने हसतो. ठाणे, येरवडा आणि नागपूरकरांनाही हा जाच असणारच. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालये ही चार. आमचे त्यात सर्वांत लहान. मंजूर खाटा 365. वर्षाच्या दिवसागणिक एक! लीप वर्षाची सोय तेवढी राहिली.

हे इस्पितळ 1886 सालचे. त्याच साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणून ठेवले. पुढे 1924 ते 1937 सावरकरांनाही इथेच स्थानबद्ध केले. एकीकडे समुद्र, दुसरीकडे सह्याद्री. नकोशी माणसे ठेवायला साहेबाला याहून चांगली माळ्यावरची जागा कुठे मिळणार? वेडा, राजा आणि क्रांतिकारक, तिघांची सोय एकाच गावात!

पुढे पाट्या बदलल्या. वेड्यांच्या इस्पितळाचे मेंटल हॉस्पिटल झाले, मग प्रादेशिक मनोरुग्णालय. कायदेही बदलले: 1912, 1987, 2017. शेवटचा कायदा तर सांगतो की घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला आत ठेवता येणार नाही. वाचून बरे वाटते. पण असे कलम लिहायची पाळी का यावी? कारण माणूस बरा होतो आणि त्याला न्यायला कुणी येत नाही. घरचे वाईट असतात असेही नाही. "मुलीचं जमायचंय हो अजून," "जागा लहान पडते," ही कारणे काही खोटी नसतात. मात्र सातबाऱ्यावर नाव असलेला भाऊ परत यायचा म्हटला की जागा अधिकच लहान होते.

टायफॉइडमधून उठलेल्याला आपण मऊ भात भरवतो. मनाच्या दुखण्यातून उठलेल्याकडून मात्र भाजी चिरायची सुरीसुद्धा लपवतो. मग बरे होण्याचा त्याला उपयोग काय?

थिबा 1916 साली इथेच वारला. त्याला घरी जाऊ न देणारे सरकार निदान परके होते. इथे दार लावून घेणारे सख्खे असतात. आणि गंमत अशी, की दाराबाहेर उभ्या असलेल्याजवळ 'बरा झाला' अशी डॉक्टरची चिठ्ठी असते. दाराच्या आतल्या आपल्यापैकी कुणाकडे आहे ती?