हौस कुणाची, भार कुणावर?

माणूस पोट भरण्यासाठी जे करतो ते त्याचं खरं काम, की पोट भरल्यावर जे करतो ते? हा प्रश्न मला फुटबॉलमुळे पडला. मी कधी चेंडूला पाय लावलेला नाही. पण गोव्यात राहून फुटबॉलपासून सुटका नाही.

गोव्यात हा खेळ रुजवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते फादर विल्यम रॉबर्ट लायन्स खेळाडू म्हणून इथे आलेच नव्हते. ते आयरिश पाद्री. इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती त्या काळात, १८८३ साली ते शिवोलीला आले आणि शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवू लागले. शिवोलीच्या समोर, शापोरा नदीपलीकडे, आमचं पेडणे सुरू होतं. लायन्स यांचा पेशा धर्मगुरूचा, काम मास्तरकीचं. तरी आज त्यांचं नाव निघतं ते चेंडूमुळे. त्यांनी किती प्रवचनं दिली, किती पोरांना व्याकरण शिकवलं, कोण आठवतो?

त्याच बार्देशातल्या आसगावचा नेव्हिल डिसोझा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. गंमत म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याचं नावही व्हिक्टोरियाच! आता वाटेल, या माणसाने पुढे आयुष्यभर फुटबॉलवर मानाने पोट भरलं असेल. पण आपल्याकडे तेव्हा फुटबॉल हा पेशा नव्हताच. मुंबईत तो टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळला. १९८० साली, पन्नाशीही न गाठता गेला.

तिसरे डॉ. तालिमेरेन आव. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारतीय संघाचे कर्णधार. कोलकात्यात वैद्यकीचं शिक्षण घेता घेता मोहन बागानकडून खेळले आणि पुढे नागालँडला परतून आरोग्य खात्याचे संचालक झाले. त्यांच्याबाबतीत कुठलं काम मुख्य आणि कुठलं जोडीचं, हे कोण ठरवणार? ज्याचा ताप त्यांच्या औषधाने उतरला असेल त्याला विचारलं तर तो लंडनचं नावही काढणार नाही.

आमच्या पेडण्याला हा प्रश्न नवा नाही. दशावतारी नाटकातल्या नटाबद्दल म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर मंचावर इंद्र झालेला माणूस दुसऱ्या दिवशी शेतात चिखल तुडवताना दिसतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. राजाचा मुकुटही त्याचाच आणि बोजाही त्याचाच.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पोटासाठी एक, मनासाठी एक. पण मला खटकतो तो ‘हौस’ हा शब्द. पैसे द्यायचे नसले की हा शब्द फार उपयोगी पडतो. खेळाडूला म्हणायचं, तुझी हौस आहे ना, मग खेळ. नटाला तेच. आणि घरातल्या बाईची तर दुहेरी पंचाईत. तिने लिहिलं, गायलं, तर ती हौस. बरं, मग दिवसभर रांधलं, धुतलं, म्हाताऱ्यांचं केलं, ते काम का? तर तेही नाही. “काय करता?” असं विचारल्यावर “घरीच असते” असं उत्तर आम्ही स्वतःच देतो. म्हणजे आमचा बोजाही मोजला जात नाही आणि मुकुटही.

डिचोलीकडे पाहिलं की याची दुसरी बाजू दिसते. धेंपो, साळगावकर, सेसा ही खाणींच्या धंद्यातली नावं आणि गोव्याच्या फुटबॉलमधलीही. खनिजाच्या पैशावर संघ उभे राहिले. म्हणजे खेळाडूची हौस कुणीतरी पेलली होती. पण ती पेलण्यासाठी डिचोलीचे डोंगर पोखरले गेले, रस्त्याकडेच्या घरांनी ट्रकांची लाल धूळ खाल्ली. २०१२ साली खाणकाम थांबलं तेव्हा ट्रकवाल्यापासून टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या चुली हलल्या. मैदानावरचं हिरवं गवतही कुठल्यातरी लाल मातीचं देणं लागतं, हे तेव्हा लख्ख दिसलं.

म्हणून मला वाटतं, खरं काम कुठलं हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवावा. त्यापेक्षा विचारावं, याचा भार कोण उचलतंय? पोरगा संध्याकाळी सरावाला जातो तेव्हा त्याचे चिखलाचे कपडे कोण धुतं? तो खेळू शकावा म्हणून घरातली कोणती बहीण शिकवणी सोडून दुकानात बसते? ज्याला पोटापलीकडचं काही करायचं आहे त्याने ते जरूर करावं. माणूस नुसता पोटासाठी जगला तर गुरात आणि त्याच्यात फरक काय? पण आपल्या आनंदाचं ओझं ज्याच्या खांद्यावर आहे त्याचं नाव त्याला ठाऊक असावं, आणि पाळी आली की आपलाही खांदा पुढे करता यावा.

तसंच समाजाचं. नेव्हिलचे तीन गोल आपण ‘आपले’ म्हणून मिरवतो. मग मेलबर्नहून परतल्यावर त्याने संसार कशावर चालवला, याचीही चौकशी आपलीच असायला हवी होती. दुसऱ्याच्या हौसेवर अभिमान मिरवायचा आणि त्याच्या भाकरीची वेळ आली की हौसेला मोल नसतं म्हणायचं, याला कौतुक म्हणत नाहीत. ती उधारी आहे. आणि उधारी फेडायची असते, मग ती मैदानावरची असो की स्वयंपाकघरातली.