सर्व्हेअरचा हातोडा

लेस्टरच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे काका-काकूच म्हणत. काका चार्टर्ड अकाउंटंट. उभी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. लेस्टरात होजिअरीच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हाची गोष्ट: एका गिरणीच्या गोदामात काका सुताच्या गाठी मोजायला उतरले आणि वहीत होत्या तेवढ्या काही भरेनात. मालक तडकला. "तुम्ही येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. बँकेनं कधी विचारलं नाही, तुम्हालाच कशाला मोजायची हौस?" हा किस्सा काका दर गणपतीत सांगायचे आणि शेवटी हात पसरून म्हणायचे, "जणू गाठी मीच खाल्ल्या!" सगळे हसायचे. काकूही हसायच्या, आणि संसारात टिकून राहायचं तर हे जमावंच लागतं.

बोटीवर राहायचं खूळ मात्र काकूंचं. ग्रँड युनियन कालव्याची एक शाखा लेस्टरातून जाते. तिच्या काठानं दोघं रोज फिरत. फॉक्सटनला टेकडीच्या उतारावर एकाखाली एक दहा लॉक आहेत. तिथं बाकावर बसून काकू तासन्‌तास बघत राहत: दार मिटतं, पाणी भरतं, बोट हलकेच वर येते, पुढचं दार उघडतं. त्या बोटींवर कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे. आत माणसं राहतात, म्हणजे आपल्यालाही राहता येईल.

इंग्लंडातल्या त्या नॅरोबोटी लांबीला कितीही दिसल्या तरी रुंदीला जेमतेम 2.1 मीटर, कारण तिथली जुनी लॉकंच तेवढी अरुंद. काकूंनी एक आतून पाहिली आणि म्हणाल्या, "यात दोघांनी एकमेकांना ओलांडून जायचं म्हणजे आधी भांडण मिटवावं लागेल." फ्रान्समधले कालवे मोठे. 1879 साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्यानं देशभरच्या लॉकना एक माप ठरवून दिलं, साधारण 39 मीटर लांब आणि 5.2 मीटर रुंद. तिथं चार मीटर रुंदीची डच बोट आरामात जाते. आणि डच बोट घ्यायची तर ती हॉलंडात जाऊनच बघावी. जुन्या मालवाहू बोटींचा बाजार तिथंच आहे.

काकांनी कागदपत्रांची बाजू नेहमीच्या शिस्तीनं लावली. युरोपातल्या नद्या-कालव्यांचे नियम पाठ करून परीक्षा दिली, बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर 180 दिवसांत 90 दिवसच शेंगेन देशांत राहता येतं, म्हणून फ्रान्सचा लांब मुदतीचा व्हिसा. बोट 20 मीटरच्या आतलीच हवी हेही ठरलं. त्यापुढच्या लांबीला युरोपीय संघाची वेगळी तांत्रिक तपासणी आणि वेगळं प्रमाणपत्र लागतं. बोटीवरचा व्हॅट भरल्याचा पुरावा नसेल तर बोलणीच करायची नाहीत. इथपर्यंत चूक काढायला जागा नव्हती.

मग त्यांनी ती बोट पाहिली.

1927 साली बांधलेली, लक्समोटर जातीची जुनी मालवाहू बोट. नाक ताठ सरळ, मागे चाकाची खोली, पुढं जिथं एके काळी बटाटे नि वाळू भरायचे तिथं आता ओकच्या फळ्यांची जमीन, बिडाची शेगडी, पितळेच्या गोल खिडक्या. खिडक्या इतक्या घासलेल्या की काकांनी त्यात स्वतःचा चष्मा नीट केला. चाकाची खोली उतरवून ठेवता येत होती, म्हणजे फ्रान्समधल्या बुटक्या पुलांखालून जायची सोय. काकू ओट्याची उंची बघत होत्या, पिठाचा डबा कुठं मावेल ते बघत होत्या. दलालानं कॉफी दिली, बिस्किटं दिली आणि म्हणाला, "ही बोट शंभर वर्षं तरंगते आहे. तिला काय सिद्ध करायचं राहिलंय?" काकांना हे बोलणं फार आवडलं. लेस्टरातल्या कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याची मागची पाच वर्षांची खाती मागवली असती.

दहा टक्के इसार दिला. करारात नेहमीचं कलम होतं: बोट पाण्याबाहेर काढून तपासायची, तपासणीचा आणि ओढून काढण्याचा खर्च घेणाऱ्याचा, मोठा दोष निघाला तर विकणाऱ्यानं दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर घेणारा मोकळा. काकांनी सर्व्हेअर ठरवला तो यादीतून, फी बघून. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा डच माणूस.

बोट रुळांवरून आडवी ओढून बाहेर काढली. पाण्याखालचं अंग प्रथमच दिसलं. शेवाळ, शिंपले, त्याखाली डांबरी काळा रंग. गोदीतल्या पोरानं जोराच्या फवाऱ्यानं ते धुऊन काढलं. सर्व्हेअरनं कामाचे कपडे चढवले आणि बुडाखाली शिरला. जागोजागी नाण्याएवढा रंग खरवडायचा, उघड्या पत्र्यावर जेल लावायचं, त्यावर यंत्राचं टोक टेकवायचं. यंत्र आवाजाच्या लहरींवरून पत्र्याची जाडी सांगतं. तो आकडा तो पांढऱ्या खडूनं तिथंच लिहायचा. 5.1. 4.9. 5.0. 4.6. बांधली तेव्हा पत्रा पाच-सहा मिलिमीटरचा असणार. बहुतेक विमा कंपन्या 4 च्या खाली गेलेल्या जागी नवा पत्रा चढवायला सांगतात. काका मागोमाग फिरून वहीत आकडे उतरवत होते आणि प्रत्येक आकड्यागणिक खूश होत होते.

जाडी मोजून झाली तशी सर्व्हेअरनं कमरेचा हातोडा काढला. यंत्र टेकवलं त्या ठिपक्यापुरतंच सांगतं, दोन ठिपक्यांमधलं हातोडा सांगतो. टण. टण. टण. रिव्हेटांच्या ओळीवरून आवाज पुढं जात राहिला, एका सुरात, आणि मग मागच्या भागात, उजवीकडे, एक ठोका थप्प असा पडला. सर्व्हेअर थांबला. बोटानं चाचपलं. पुन्हा मारला, जरा जोरात, आणि हातोड्याचं टोक आत गेलं.

भोक रुपयाएवढं. त्यातून आधी गंजाचा काळपट चुरा पडला आणि मग तपकिरी पाण्याची बारीक धार लागली. डिझेलचा आणि साबणाचा मिसळून वास. आतल्या न्हाणीघराचं पाणी किती वर्षं फळ्यांखाली झिरपत होतं कोण जाणे. बाहेरून दर दोन-तीन वर्षांनी काळा रंग बसत होता आणि आतून पत्रा सडत होता. वर ओकची जमीन. ती उचकटून खाली बघायचं कुणाला काय कारण?

"हे काय केलंत?" काका ओरडले.

दलालही धावत आला. "सकाळी ही बोट पाण्यावर उभी होती. थेंब आत येत नव्हता. भोक तुम्ही पाडलंत."

सर्व्हेअरनं भोकाभोवती खडूनं गोल काढला आणि फोटो घेतला.

"बघायचे पैसे दिले होते," काका इंग्रजीत म्हणाले, आणि पुढचं मराठीत काकूंकडे वळून, "तोडायचे नव्हते! कुणी सांगितलं होतं याला इतक्या जोरात ठोकायला? विमा कंपनीला जाडीचे आकडे पुरले असते. आकडे उत्तम होते!"

गोदीवाला म्हणाला, पत्रा लावल्याशिवाय बोट पाण्यात सोडता येणार नाही, आणि रुळांवरच्या प्रत्येक दिवसाचं भाडं लागेल. भाडं कुणी द्यायचं यावर दलाल आणि काका एकदम बोलायला लागले. गंमत अशी की दोघांचाही रोख सर्व्हेअरवर. खरेदीदार नि दलाल यांचं इतकं एकमत गोदीनं क्वचितच पाहिलं असेल.

काकू त्या धारेखाली वाकून बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "आई माठ घ्यायला गेली की टिचकी मारून बघायची. कुंभार कधी म्हणाला नाही, बाई, टिचकीनं माठ फुटेल."

"अगं, पण इथं फुटलाय ना!"

"टिचकीनं फुटला तो माठ कसला? आणि तुम्ही तरी त्या गिरणीत गाठी का मोजल्यात? बँकेनं कुठं विचारलं होतं?"

काका बोलायचे थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि त्या भोकाकडे बघत राहिले. मग वहीत आकड्यांच्या खाली एक ओळ लिहिली: उजवी बाजू, मागे, शून्य. तपासनिसाच्या हातचं अक्षर होतं ते, जुनं, तिरकं.

मालक दुरुस्तीला तयार होईना. एवढंसं ठिगळ मारून देतो म्हणाला. आजूबाजूचा किती पत्रा गेलाय ते फळ्या उचकटून बघू द्यायलाही तयार नव्हता. काका मागे फिरले. इसार परत मिळायला तीन पत्रं लिहावी लागली. सर्व्हेअरची फी आणि बोट ओढल्याचे पैसे गेले ते गेलेच, हातात राहिला सह्या-फोटोंसकट जाडजूड अहवाल. लेस्टरला फोनवर लोक हळहळले. पैसे पाण्यात गेले म्हणे. एका अर्थी पाण्यात जाता जाता वाचले होते, पण फोनवर कोण समजावत बसणार?

दुसरी बोट त्याच बंदराच्या मागच्या धक्क्याला होती, दलालाविना. एका म्हाताऱ्या नावाड्याची. दिसायला सुमार. ओटा जुनाट, पडद्यांना तंबाखूचा वास, गोल खिडक्यांचं पितळ हिरवं पडलेलं. म्हाताऱ्यानं कॉफी विचारायच्या आधी एक वही पुढं टाकली. बोटीवर जे जे केलं ते त्यात पेन्सिलीनं तारीखवार: केव्हा रंग दिला, केव्हा जस्ताचे ठोकळे बदलले, 2009 साली डाव्या बाजूला मागे नवा पत्रा. "आणि न्हाणीघराखाली," म्हातारा म्हणाला, "माझा भरवसा नाही. तिथं बघून घ्या."

बाहेर आल्यावर काका काकूंना म्हणाले, "स्वतःहून एवढं सांगतोय. आत काय दडवलं असेल मग?"

"म्हणून तर हातोडेवाल्याला बोलवा," काकू म्हणाल्या.

काकांनी तोच सर्व्हेअर बोलावला. या वेळी फी विचारली नाही. बोट पुन्हा रुळांवर, पुन्हा शिंपले, पुन्हा खडू. सर्व्हेअर बुडाखाली शिरताना काका वाकून म्हणाले, "जोरात मारा." तो माणूस पहिल्यांदा हसला.

आकडे वहीशी जुळत गेले. न्हाणीघराखाली 3.7 निघाले, म्हाताऱ्याचा भरवसा नव्हता ते बरोबरच होतं. मात्र नाकाशी, नांगराची साखळी ठेवतात त्या कप्प्याखाली, हातोड्याचा आवाज बदलला. वहीत तिथली नोंद नव्हती. सर्व्हेअरनं खडूनं 3.4 लिहिलं. काका म्हाताऱ्याचा चेहरा बघत होते, गिरणीमालकाचा बघितला होता तसा.

म्हाताऱ्यानं खाली वाकून आकडा वाचला. खिशातून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं, तारीख घातली आणि लिहिलं. "साखळी कधी पूर्ण बाहेर काढून पाहिलीच नाही मी," तो म्हणाला. "बरं झालं." मग काकांना विचारलं, पत्र्याचा खर्च अर्धा अर्धा चालेल का.

चाललं. दोन्ही जागी पत्रे बसले. कागद, विमा, फ्रान्सच्या जलमार्ग खात्याचा परवाना असं करता करता काही आठवडे काका-काकू बंदरातच मुक्कामाला होते. पुढचा बेत ठरला होता: मास नदीनं मास्ट्रिख्ट, बेल्जियममधलं नामूर, जिव्हेला फ्रान्समध्ये शिरायचं, मग तूल आणि व्होजचा कालवा करत सोन नदीवरच्या सँ-झाँ-द-लोनला, जिथं कालव्यांवर राहणाऱ्यांची वस्तीच आहे.

त्या दिवसांत एक तरुण इंग्रज जोडपं धक्क्यावर आलं. ती 1927ची बोट बघायला. तिच्यावर नवी पाटी होती: नुकतीच गोदीतून आली, बुडाला ताजा रंग. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेजारच्या बोटीवर इंग्रजी बोलणारी माणसं दिसली म्हणून मुलगा काकांकडे आला. "तुम्ही ही बोट घेणार होतात असं कळलं. मग का सोडलीत?"

काकांनी आतून तो अहवाल आणला आणि त्याच्या हातात ठेवला. मुलानं फोटोपर्यंत पानं उलटली. "हो, भोकाचं सांगितलं दलालानं. बुजवलंय ते. तो म्हणाला, बोट ठणठणीत होती, तुमच्या सर्व्हेअरनं ठोकून ठोकून पाडलं."

"मीही तेच म्हणालो होतो," काका म्हणाले. "भर गोदीत, ओरडून."

मुलगा हसला, अहवाल परत द्यायला लागला. काकांनी घेतला नाही. शेवटच्या पानावर सर्व्हेअरचा फोन नंबर होता, त्याखाली बोटानं रेघ ओढून दाखवली. मुलगा तोवर त्या पितळी खिडक्यांतून आत डोकावायला निघाला होता. मुलगी थांबली. तिनं अहवाल काकांसमोरच उघडला, आकडे वरपासून वाचत आली, शून्यापाशी थबकली.

"किती घेतो हा माणूस?"

काकांनी आकडा सांगितला.

"बराच घेतो."

"बराच," काका म्हणाले. "आम्ही दोनदा दिले."

काकूंनी आतून हाक मारली, चहा झालाय, तिलाही बोलवा, आणि त्याला म्हणावं खिडक्या नंतर बघ.