सगळं ठीक चाललंय?

आजचं वचन : प्रकटीकरण ३:१४-२२

प्रियांनो, लावदिकीयाची मंडळी बंद पडली नव्हती. तिच्याकडे पैसा होता, आपल्याला काही कमी नाही असं ती म्हणत होती. प्रभूने मात्र तिला कोमट म्हटलं. आपण दरिद्री आहोत हे तिला कळतही नव्हतं, आणि प्रभू दाराबाहेर उभा राहून ठोठावत होता.

आमच्या महाळुंगे-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत चांगली चालणारी मशीनही मेंटेनन्ससाठी थांबवतात. बिघाड झाला म्हणून नव्हे, होऊ नये म्हणून. आपण मात्र रविवारची उपासना झाली, अ‍ॅपवरचं वचन वाचलं, की निश्चिंत!

रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे ते पाळक झाले, त्यांची भजनं मंडळ्यांत गाऊ लागले. तिथेच थांबले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९१७ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर २२ वर्षांनी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत, ही त्यांची ओढ होती.

आपण सगळ्यांनी नोकरी सोडावी असं नाही. पण गेल्या सहा महिन्यांत प्रभूचं ऐकून मी काय बदललं? कुणाला क्षमा केली? कुठली सवय सोडली? उत्तर सापडत नसेल, तर आज रात्री फोन बाजूला ठेवून स्तोत्र १३९:२३-२४ प्रार्थना म्हणून म्हणा.

प्रभू, माझं कोमटपण मला दाखव, आणि आत ये. आमेन.