साऱ्या शाळेचे शब्द

मराठीतली लहान मुलांची कोणतीही गोष्ट घ्या. पहिल्या पाचसहा ओळींतच ‘होता’, ‘आणि’, ‘नाही’, ‘त्याला’, ‘म्हणाला’, ‘मग’ हे शब्द भेटतात आणि शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहतात. हे मूठभर शब्द ज्या मुलाला न अडखळता वाचता येतात, त्याचं लक्ष गोष्टीत राहतं. ज्याला दर वेळी अर्धा ‘म’, मग ‘ह’, पुढे ‘णा’, पुढे ‘ला’ असं चाचपडत जावं लागतं, तो ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेला असतो. अशा मुलाला आपण ‘वाचनात कच्चा’ म्हणतो. खरं तर तो वाचणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी जास्त कष्ट करत असतो.

इंग्रजी शाळांनी यावर ‘साइट वर्ड्स’चा, म्हणजे पाहताक्षणी ओळखायच्या शब्दांचा, उपाय काढला. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन अभ्यासकाने 1936 साली 220 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत एकही नाम नाही, बहुतेक वाक्य बांधणारे शब्द. ती यादी आजही फ्लॅशकार्डांवर छापली जाते. काही शाळा एका वर्गापुरतं न थांबता साऱ्या शाळेचा कार्यक्रम म्हणून ती राबवतात. ठाण्यातल्या कळव्यासारख्या ठिकाणच्या मराठी शाळांनी, विशेषतः महापालिकेच्या शाळांनी, हे उचलावं का? माझं मत असं की ‘सारी शाळा’ ही कल्पना जशीच्या तशी घ्यावी, यादी मात्र घेऊ नये. तिचं नुसतं भाषांतर तर मुळीच करू नये.

इंग्रजीला अशा यादीची गरज अधिक भासते ती तिच्या स्पेलिंगमुळे. ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’ हे शब्द जसे लिहितात तसे उच्चारत नाहीत, म्हणून ते लक्षात ठेवावे लागतात. देवनागरीत ही अडचण फार थोडी आहे. ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार, अनुस्वाराची बदलती रूपं, ‘ज्ञ’ असे काही अपवाद सोडले तर लिहिलेलं वाचता येतं. आपली अडचण वेगळी आहे. मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून मुलाला शेकडो चिन्हं ओळखावी लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अक्षरांवरचं हे प्रभुत्व यायला प्राथमिक शाळेची बरीचशी वर्षं जातात. मराठीची लिपी वेगळी असली तरी घडण त्याच जातीची आहे.

दुसरी अडचण मराठीच्या व्याकरणाची, आणि तिच्याकडे आपलं लक्ष फार कमी जातं. इंग्रजीत ‘हाउस’ हा शब्द ‘इन’, ‘टू’, ‘फ्रॉम’ यांच्यामागे आला तरी तसाच राहतो. मराठीत घर, घरात, घराला, घरातून, घराच्या, घरापासून अशी रूपं होत जातात, आणि ‘मूल’चं ‘मुलाच्या’ होताना तर मूळ शब्दच बदलतो. त्यामुळे सुटे शब्द पाठ करून मराठीत फार दूर जाता येत नाही. पाहताक्षणी ओळखू यायला हवेत ते ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘च्या’, ‘ंना’, ‘साठी’, ‘पासून’ हे शेवटचे तुकडे. हे तुकडे डोळ्यांत बसले की अनोळखी लांब शब्दाचं अर्धं ओझं उतरतं.

आता आपला क्रम पाहा. मुळाक्षरं, मग काना-मात्रा, मग बाराखडी आणि सगळ्यात शेवटी जोडाक्षरं, हीच वाट अजून बहुतेक वर्गांत चालते. या वाटेने ‘च्या’, ‘त्या’, ‘म्ह’ ही अक्षरं मुलाला अगदी उशिरा भेटतात, आणि गोष्टीच्या पुस्तकात ती पहिल्याच पानावर उभी असतात. म्हणजे खरं पुस्तक हातात घेण्याआधी मुलाने दीड-दोन वर्षं थांबायचं. तोवर ‘कमळ बघ, गवत उपट’ अशी वाक्यं वाचायची, ज्यांत जोडाक्षर नसतं आणि सांगण्यासारखंही काही नसतं. वाडा तालुक्यातल्या मराठी आणि यादगीर जिल्ह्यातल्या कन्नड शाळांमधल्या मुलांचा शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं माग काढला. 2017 साली आलेल्या त्यांच्या अहवालाने हेच दुखणं दाखवलं: वर्गातला वेळ अक्षरांच्या घोकंपट्टीत जातो, अर्थाच्या वाट्याला फार थोडा उरतो. म्हणून मराठी यादी करायचीच तर तीत ‘म्हणाला’, ‘त्याने’, ‘माझ्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द पहिलीच्या पहिल्या सत्रातच हवेत. जोडाक्षरांचा धडा यायची वाट पाहू नये.

कळव्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. खारेगाव-विटाव्याचे मूळचे आगरी-कोळी, कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली कुटुंबं, पारसिकच्या डोंगरावरच्या वस्त्या, उत्तर प्रदेश-बिहारकडची घरं, या सगळ्यांची मुलं शेजारी शेजारी राहतात. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. जे मूल घरी ‘पानी’ म्हणतं आणि ‘नाय’ म्हणतं, त्याला छापलेलं ‘पाणी’ आणि ‘नाही’ हे एका अर्थी नवेच शब्द आहेत. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला लिपी ओळखीची असते, पण ‘आहे’ नवा असतो आणि ‘होता’चा अर्थ वेगळा. अशा मुलांसाठी नेहमीच्या शब्दांची छापील रूपं मुद्दाम, आपुलकीने, रोज समोर आणणं गरजेचं आहे. त्यांच्या बोलण्याला चूक न ठरवता ‘आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात’ एवढं सांगितलं तरी पुरतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं तेव्हा तो सारा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. वाचनाच्या बाबतीतही मुलाच्या बोलीच्या अंगणापर्यंत जायला हवं.

शब्द चित्रासारखे पाठ करून घेण्याचा धोका मात्र खरा आहे. ‘म्हणाला’चं कार्ड दाखवलं की मूल ‘म्हणाला’ म्हणतं, आणि पुस्तकात ‘म्हणाली’ आलं तरी ‘म्हणाला’च म्हणतं. लिनिया एरी यांच्या संशोधनाचा गाभा हाच आहे की पाहताक्षणी ओळखू येणारा शब्दही आतून अक्षर आणि आवाज यांच्या सांध्यावरच टिकतो, नुसत्या आकारावर नाही. तेव्हा ‘म्हणाला, म्हणाली, म्हणाले’ एकत्र ठेवावेत, नेमकं कोणतं अक्षर बदललं ते मुलालाच शोधू द्यावं, आणि त्याच दिवशी ते तीन शब्द असलेली छोटी गोष्ट त्याच्या हाती द्यावी. गोष्ट नसेल तर कार्ड दाखवूच नये. इंग्रजीच्या तासाला डॉल्चची यादी खुशाल वापरावी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि तिथे त्या यादीचं काम आहेच.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘सारी शाळा’ हा भाग. आपल्याकडे वाचन शिकवणं हे पहिली-दुसरीच्या बाईंचं काम समजलं जातं. तिथे जे मूल सुटलं त्याला पुढे कोणीच वाली नसतो. पाचवीत ते भूगोलाचं पुस्तक उघडून बसतं, शेजाऱ्याकडे पाहून उत्तरं लिहितं, वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जातं. त्याला वेगळं काढून ‘अप्रगत’च्या गटात बसवलं की उरलीसुरली हिंमतही जाते. पण परिपाठानंतरची दहा मिनिटं पहिलीपासून सातवीपर्यंत सगळेच वाचत असतील, मुख्याध्यापकही आणि खिचडी वाढणाऱ्या ताईही, आठवड्याचे शब्द जिन्यावर सगळ्यांसाठी लिहिलेले असतील, सहावीचं मूल पहिलीच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवत असेल, तर त्या पाचवीच्या मुलाला लाज न वाटता मागचे शब्द पुन्हा भेटतात. पहाटेच्या लोकलने कामाला जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या आईबापांच्या मुलाला घरी वाचून दाखवणारं कोणी नसतं. त्याच्यासाठी शाळा हेच घर ठरतं.

2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचता यावेत असं लक्ष्य ठेवलं आहे. 2024 च्या ‘असर’ पाहणीत देशात तिसरीची 27.1 टक्के मुलंच दुसरीचा उतारा वाचू शकली. ती पाहणी ग्रामीण भागापुरती असते, कळवा तिच्या मोजणीत येतच नाही. म्हणून इथली मोजणी इथल्याच शाळांनी करायला हवी, आणि ती भिंतीवरचे तक्ते किंवा पाठ झालेले शब्द मोजून होणार नाही. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करूनही ती होत नाही.

ठाणे महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि कळव्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिली ते तिसरीची पुस्तकं आणि मुलांचं रोजचं बोलणं समोर ठेवून तुमची यादी तुम्हीच करा. प्रत्येक वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी गोष्टीची पुस्तकं कपाटाबाहेर काढा. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तिसरीच्या पुढच्या प्रत्येक मुलाला, त्याने पूर्वी कधीही न पाहिलेलं एक पान, शेजारी बसवून वाचायला द्या.